बोट आली नाही ती चंपाषष्ठी

बोट येणार नाही असं कळलं, तेव्हा मला जन्मात पहिल्यांदा वाटलं की खंडोबानं आपल्याकडं पाठ फिरवली. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. गुळाच्या आणि कांद्याच्या बाजारात पोती वाहण्यात जन्म गेला. अक्षर जुळवत लिहितोय, कुठं मागंपुढं झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. घडलं ते तसंच सांगतो. का घडलं ते मला ठाऊक नाही, आणि कुणी समजावून सांगायला आलं तर मी ऐकणारही नाही.

माझा मुलगा संतोष जपानात कॉम्प्युटरच्या कामाला आहे. ज्या वर्षी तिकडं तो मोठा भूकंप झाला, तेव्हा तो त्सुकुबा नावाच्या गावी एकटा राहत होता. आमच्या चाळीत शेजारच्यांच्या टीव्हीवर ते काळं पाणी घरं, मोटारी, सगळं ओढत नेताना दिसत होतं. त्सुकुबा समुद्रापासून किती लांब हे आम्हाला कुठं ठाऊक! फोन लागेना. संतोषची आई देव्हाऱ्यासमोर बसली ती उठेना, रडेना, बोलेना. तिचं ते गप्प बसणं मला बघवेना. मग मी देवाच्या टाकांवर भंडारा वाहिला आणि मोठ्यानं बोललो, "देवा मल्हारी, पोरगं धड असू दे. मी तिथं त्या मुलखात जाईन आणि त्याच्या हाताला हात लावून तुझी तळी भरीन." दुसऱ्या दिवशी फोन आला. पोरगं धड होतं. ऑफिसातली कपाटं पडली होती, आणि हा रात्रभर मोटारींच्या मोकळ्या जागेत थंडीत कुडकुडत बसला होता, एवढंच.

बोललो खरं, पण जाणं होईना. आधी संतोषच्या आईचं आजारपण, मग ती गेली, मग माझं मन कशातच लागेना. संतोष म्हणायचा, "अण्णा, देव काय तगादा लावतोय का? तिथंच भरा की." मी म्हणायचो, शब्द दिला तो दिला. शेवटी छातीच्या डॉक्टरनं सांगितलं, विमानाचा प्रवास करायचा तर याच वर्षी करा. म्हणून मी गेलो. पुन्हा जाणं नाही हे मला माहीत होतं, संतोषलाही माहीत होतं, फक्त आम्ही ते बोलत नव्हतो.

तळी ज्यांच्याकडं नसते त्यांच्यासाठी सांगतो. ताटात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे हळद, मांडायची. पाच पुरुषांनी ते ताट धरून वर उचलायचं आणि येळकोट करायचा. एकट्यानं तळी होत नाही, पाच लागतातच. आमच्या बाजारात गूळ उतरायच्या गाळ्यात आम्ही पाच हमाल दर चंपाषष्ठीला तळी भरायचो. बाळू, किसन, मोठा दगडू, धाकटा दगडू आणि मी. गाळ्याला गुळाचा वास, खाली पोत्यांची सुतळी पसरलेली, आणि आम्ही ताट उचललं की किसनचा आवाज पत्र्याला जाऊन धडकायचा. शेठजी वरनं ओरडायचे, "अरे, पत्रा उडवता का माझा?" मग सगळ्यांना वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, वर कच्चा कांदा. चार महिने वांगं-कांदा तोंडाला लावलेला नसायचा, त्यामुळं त्या दिवशीच्या भरताची चव पुन्हा कधी कुठं लागली नाही. आता त्या पाचांतला मी एकटा उरलोय. बाजारही गावाबाहेर गेला. तिथं आता चकाचक दुकानं आहेत, त्या रस्त्यानं मी जात नाही.

संतोष आता टोक्योत ओजिमा नावाच्या भागात सरकारी वसाहतीत राहतो. चंपाषष्ठीला त्यानं तीन मित्र बोलावले होते, आम्ही दोघं धरून पाच. मी एकेकाची कुळापासून नीट चौकशी केली होती. एक म्हणाला, "अण्णा, मी येतो, पण तेव्हा माझी मीटिंग आहे. आवाज बंद करून येळकोट म्हटलं तर चालेल का?" त्याला मी काढून टाकला आणि दुसरा शोधायला लावला. सून मृणालनं निशी-कसाईच्या आपल्या लोकांच्या दुकानातून बाजरीचं पीठ आणि मोठी वांगी आणली. सगळं जमलं होतं. मधे तीन दिवस मोकळे होते, तेवढ्यात संतोषच्या डोक्यात आलं की अण्णांना एक बेट दाखवायचं. "तुम्ही नेहमी म्हणता ना, देव डोंगरावर असतो. चला, डोंगर दाखवतो. आदल्या दिवशी संध्याकाळी घरी." मी नको म्हणालो होतो. पण पोराची हौस मोडवेना.

टोक्योच्या दक्षिणेला समुद्रात ते बेट आहे. त्याचं नाव माझ्या जिभेला नीट वळत नाही, म्हणून लिहीत नाही. टोक्योत गारठा होता आणि तिथं उतरलो तर हवा उबदार, झाडं हिरवीगार, घराच्या कुंपणांना लाल फुलं. सगळं बेट म्हणजे ज्वालामुखी. एक टोक अजून मधेच जागं होतं, आणि दुसऱ्या टोकाला फार पूर्वी फुटलेलं तोंड आहे ते कधीचं निजलेलं. त्या निजलेल्या तोंडात पाणी साठून तळं झालंय. आणि काय सांगू, पायाखालचा दगड बघून मी खालीच बसलो. काळा, बारीक भोकांचा दगड. आमच्या खंडोबाच्या गडाच्या पायऱ्यांचा जसा असतो अगदी तसा. माहेरचं कोणी परदेशी भेटावं तसं झालं. संतोष हसला, "अण्णा, दगडाला काय हात लावताय?" मी म्हटलं, "ओळखीचा आहे."

परतायच्या दिवशी सकाळी गावातल्या भोंग्यावरून बाई काहीतरी बोलली. आमच्या मुक्कामाच्या घराची मालकीणबाई आत आली आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. समुद्र खवळला होता. बोट धक्क्याला लागणार नाही, आजही नाही, उद्याही नाही. छोटं विमान आहे, तेही वाऱ्यामुळं बंद. उद्या चंपाषष्ठी. बोट सुरू होणार परवा, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझं भारताचं विमान.

मी जेवण बंद केलं. संतोष समजावायला लागला, "अण्णा, लाटा काय मी केल्यात? देवाला दिसत नाही का बोट नाही ते?"

"मला देव शिकवू नकोस."

"मग असं करू. तिकडं ते तिघं, मृणालचा भाऊ आणि शेजारचा एखादा तळी भरतील, आपण फोनवर बघू. तुम्ही इथून हात जोडा."

"फोनला भंडारा लावू का? काचेला?"

त्यानं मृणालला फोन लावून माझ्या हातात दिला. ती बिचारी म्हणाली, "बाबा, वांगी भाजून ठेवलीत हो. काय करू?" मी फोन परत दिला आणि भिंतीकडं तोंड करून बसलो. मनात एकच होतं. मी आता घरी जाईन, कधीतरी मरेन, आणि वर गेल्यावर संतोषची आई विचारील, फेडला का नवस? तिला मी काय सांगू? आणि त्याहून वाईट विचार आला तो असा, की कदाचित देव इथं नसतोच. एवढा समुद्र ओलांडून तो कशाला येईल? त्या दिवशी आपला शब्द इथवर पोचलाच नसेल, पोरगं वाचलं ते आपलं असंच वाचलं असेल. हा विचार फार वाईट. उपासापेक्षा त्यानंच मला जास्त पोखरलं.

चंपाषष्ठीच्या सकाळी आंघोळ केली, टोपी घातली, भंडाऱ्याची पिशवी खिशात घातली. ती आणि चार सुपाऱ्या माझ्याबरोबर कायम असतात. म्हटलं, निदान त्या तळ्याकाठी जाऊन देवाला सांगावं, की बाबा, जमलं नाही. संतोष छत्री घेऊन मागं मागं आला. आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

तळ्याकडं उतरायची वाट जिथं सुरू होते, तिथं एक छोटी मालाची गाडी उभी होती. तिच्यात गवताच्या पेंढ्याचा वळलेला दोर, माझ्या मांडीएवढा जाड, वेटोळं करून ठेवलेला. बाजूला तीन म्हातारे, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत उभे. माझ्याच वयाचे असतील. एकाच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. त्यानं संतोषला हटकलं आणि दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. संतोषच्या चेहऱ्यावर अवघडल्यासारखं दिसलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं. आमचा अबोला तिथं मोडला.

"खाली तळ्याकाठी यांच्या देवाचं छोटं देऊळ आहे. वर्ष संपायच्या आत तिथला जुना दोर काढून नवा बांधतात. गावात तरणी माणसं उरली नाहीत, टोक्योहून यांची पोरं-पुतणे येतात दोर वाहायला. ते काल येणार होते."

"मग?"

"बोट आली नाही ना अण्णा."

मी त्या दोराकडं बघितलं. ज्या लाटांनी मला इथं अडकवलं, त्याच लाटांनी यांचे खांदे तिकडं अडकवले होते.

संतोष म्हणाला, "मला विचारतायत, जरा खांदा देता का."

"तुला? आणि मला का नाही विचारत?"

"अण्णा, तुमची छाती..."

"छाती डॉक्टरला दाखवली. खांदा नाही दाखवला."

संतोषनं कपाळाला हात लावला आणि त्यांना काहीतरी सांगितलं. तिघं म्हातारे हसले, वाकून नमस्कार केला. टोपीवाला काही बोलला, आणि संतोषनं मला सांगितलं, "म्हणतात, भारताचे आजोबा पुढं चालले तर आम्हाला मागं आराम." मी पुढं झालो. खरं सांगतो, त्यांनी जड बाजू मागं आपल्याकडं ठेवली होती. मला कळलं होतं, पण मी कळू दिलं नाही.

दोर पाच खांद्यांवर लांब सोडून आम्ही निजलेल्या डोंगराच्या पोटात उतरलो. झाडं एवढी मोठी की आत उजेड हिरवा पडलेला. पाखरं ओरडत होती. पायऱ्यांच्या वळणावर मागून ते तिघं एकदम "योइशो" म्हणायचे, म्हणजे जोर लावताना म्हणायचं ते. आम्ही गाळ्यात असंच ओरडायचो, शब्द वेगळे. किती वर्षांनी माझ्या खांद्यावर ओझं होतं आणि मागं माणसांचे पाय माझ्या पायांच्या तालात पडत होते! पेंढ्याचा वास गुळाच्या ढेपांच्या पेंढ्यासारखाच होता. मी मागं वळून बघितलं नाही. वळलो नाही तोवर मागं किसन आणि बाळू आहेत असं मानता येत होतं.

तळं आलं. एकदम गोल, काळंनिळं, हललं नाही की बोललं नाही. बाहेर समुद्र आदळत असेल, इथं पाण्यावर सुरकुती नव्हती. काठावर दगडाचं छोटंसं देऊळ, आपल्याकडं बांधावर असतं तेवढं. दोन झाडांमधे आम्ही दोर बांधला. त्या तिघांनी लाकडी ताटातून आणलेले तांदूळ, मीठ, दारूची बारकी बाटली देवापुढं ठेवली, टाळ्या वाजवल्या, वाकले. मग सगळे घाम पुसत उभे राहिले.

आणि तेव्हा मी माणसं मोजली. मी, संतोष, ते तिघं.

पाच झाली. पण तोंड उघडेना. वाचणाऱ्याला नवल वाटेल, पण मी आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही. भाकरी नाही, उसने नाहीत, मुलाकडंही नाही. माझ्या अंगातलं हाडच तसं आहे. पुन्हा हे आपले नाहीत, यांचा देव वेगळा, यांना कुळ विचारायचं कसं आणि विचारून करायचं काय? मग मनात आलं, अरे, जन्मभर पोती वाहिलीस तू. पोतं एकदा पाठीवर आलं की वाहशील कुठंही. पण पाठीवर ते तू स्वतः कधी घेतलंस? दोघांनी उचलून द्यायचं आणि आपण वाकायचं, तेव्हा ते पाठीवर यायचं. तेव्हा तर लाज वाटली नाही कधी. वाकल्याशिवाय पोतं मिळालंच नसतं.

मी संतोषला म्हटलं, "यांना सांग, मलाही एक उचलायचंय. हलकं आहे."

संतोष त्यांच्याकडं वळला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. तो काय बोलला ते मला कळलं नाही, पण मधे भूकंप म्हणतात तो शब्द आला, तो मी ओळखतो. त्याचा आवाज कापला. मी एवढी वर्षं समजत होतो की याला त्या नवसाचं काही वाटत नाही. टोपीवाल्यानं हातमोजे काढले आणि तळ्यात हात धुतले. बाकीच्या दोघांनीही धुतले. टोपीवाला बोलला ते संतोषनं सांगितलं. बेटाचा डोंगर पेटला तेव्हा सगळ्या गावाला बोटीत घालून टोक्योला नेलं होतं, आणि कित्येक वर्षं परत येऊ दिलं नव्हतं. हा माणूस तेव्हा ओजिमाच्या वसाहतीत राहिला होता, संतोषच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. "रोज सकाळी खिडकीतून दक्षिणेकडं तोंड करून डोंगराला सांगायचो, आम्हाला परत बोलाव. इथून तिथं ऐकू जातं का, असं बायको विचारायची."

"मग?" मी विचारलं. "गेलं का ऐकू?"

संतोषनं विचारलं. म्हाताऱ्यानं तळ्याकडं हात केला आणि हसला. आलोच ना, अशा अर्थाचा तो हात होता.

त्यांनी आपलं लाकडी ताट रिकामं करून दिलं. विड्याची पानं नव्हती, तिथल्या लाल फुलांच्या झाडाची पानं घेतली. खोबरं नव्हतं, त्यांच्या डब्यात उकडलेलं रताळं आणि संत्री होती, ती ठेवली. सुपाऱ्या माझ्या, भंडारा माझा. पाच जणांनी ताट धरलं. संतोषच्या हातावर माझा हात होता. मी म्हटलं, "सदानंदाचा..." आणि संतोषनं लहानपणी गाळ्यात म्हणायचा तसा "येळकोट!" म्हटला. त्या तिघांनीही म्हटला, जसा जमला तसा, पण पोटातून. डोंगराच्या पोटात तो आवाज गोल फिरला आणि पुन्हा आमच्याकडं आला. पाचापेक्षा जास्त माणसांचा वाटला. तीनदा उचललं, तीनदा आला.

आता जे सांगतो ते फक्त सांगतो. आमच्या घरची रीत अशी, की उचललेलं ताट भुईवर टेकवायचं नाही, पाचांतल्या एकानं डोक्यावरचं काढून खाली ठेवायचं आणि त्यावर ताट टेकायचं. गाळ्यात ते काम मोठ्या दगडूचं असायचं. मी माझी टोपी काढायला हात वर नेला, तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं आपली लोकरीची टोपी काढली, खाली वाकून काळ्या दगडावर नीट पसरली आणि मला मानेनं खूण केली, ठेवा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. संतोषला ही रीत आठवतही नव्हती, त्यानं मागून कबूल केलं. दगड ओला होता म्हणून ठेवली असेल, असं संतोष म्हणतो. असेल. मी वाद घालत नाही. मी ताट त्या टोपीवर टेकवलं, आणि मला रडू आलं. बापानं पोरासमोर रडू नये असं मी मानत आलो होतो. ते त्या दिवशी राहिलं नाही.

मी सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला. म्हातारे एकमेकांची पिवळी कपाळं बघून पोरांसारखे हसले. रताळ्याचा प्रसाद वाटला. मी आदल्या दिवसापासून उपाशी होतो. ते रताळं मी कसं खाल्लं ते मलाच ठाऊक. टोपीवाल्यानं दुसरं हातात दिलं, मग तिसरं. संतोष म्हणाला, "अण्णा, देवाला ठेवा थोडं!"

दुसऱ्या दिवशी बोट आली. तिच्यातून त्यांची पोरं उतरली आणि आम्ही चढलो. मृणालनं वांगी गोठवून ठेवली होती. ओजिमात त्या रात्री जेवायला भरीत-रोडगा झाला, आणि मी निघताना संतोष पाया पडला तो उठायला वेळ लावला. मीही त्याला उठवायची घाई केली नाही.

संतोषची आई विचारील तेव्हा तिला सांगायला माझ्याकडं आता उत्तर आहे. मी माझ्याशिवाय चार माणसं निवडून, पारखून ठेवली होती. देवानं त्यांतला एक संतोष तेवढा ठेवला, आणि दुसरे तिघं लाटांच्या पलीकडून काढून दिले. त्यासाठी मला एवढंच करावं लागलं, की आधी दुसऱ्याचं ओझं घ्यायचं आणि मग आपलं सांगायचं. तेवढंही माझ्याकडून आपखुशीनं झालं नाही, त्यानंच करवून घेतलं. आता दर चंपाषष्ठीला मी चाळीच्या जिन्याजवळ ताट मांडून बसतो. गाठायला कुणाला जात नाही, कुणाचं कुळ विचारत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणतो, जरा हात लावता का? आणि लावतात हो लोक. देवा, तुझे उपकार.